छपरावरच्या विजेचा पैरा मोडू नये



शेतीपंपाचे साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे बिल एप्रिल २०२४ पासून माफ झाले. घरचे लाईटबिल मात्र आहे तिथेच आहे. त्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सूर्यघर' योजना आणली. दोन किलोवॅटला ६० हजार व तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. गावोगावी पत्रे बसू लागलेत, हे चांगलेच आहे. पण त्यामागचा हिशेब प्रत्येकाने समजून घेतला पाहिजे.

हा हिशेब म्हणजे आपला पैराच. त्यांची बैलजोडी एक दिवस आपल्या रानात, आपली एक दिवस त्यांच्या रानात. पैशाची बात नाही, दिवसाला दिवस. नेट मीटरिंगमध्ये तसेच युनिटला युनिट. समजा, घराला महिन्याला २५० युनिट लागतात. दोन किलोवॅटचे पॅनेल अंदाजे २४० युनिट देते. त्यातली ६० दिवसा घरात वापरली, १८० तारेत गेली आणि रात्री १९० परत घेतली. बिल येते १० युनिटचे, शिवाय स्थिर आकार. तो चुकत नाही.

आता पैरा मोडून 'आमची वीज चढ्या दराने घ्या, तुमची पडत्या दराने द्या' असे ठरले तर? त्याच १९० युनिटला पूर्ण दर पडेल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या बाबतीत असेच झाले. तारेत दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन-चतुर्थांशाने उतरला. आपल्याकडेही २०२५ च्या दरनिश्चितीवेळी दिवसाची वीज रात्रीच्या वापरात वळती करू नये, असा विचार पुढे आला होता. लोकांनी हरकती घेतल्या. विषय संपला, असे कोणी समजू नये.

दुसरी बाजूही खरी आहे. खांब, तारा, रोहित्रे यांचा खर्च कुणीतरी सोसावाच लागतो. तो सगळा पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराच्या बिलावर पडणे न्यायाचे नाही. म्हणून स्थिर आकार वाजवी असेल तर तो देण्यास आपण कुरकुरू नये. पण ज्याने कर्ज काढून पॅनेल बसवले, त्याचा करार मध्येच बदलणे हा विश्वासघात होईल. साखर कारखाने बगॅसवर वीज करून विकतात, तिथे दर करारात लिहिलेला असतो. लहान ग्राहकालाही तेवढीच हमी हवी.

तेव्हा दोन गोष्टी करा. गेल्या बारा महिन्यांची बिले काढून गरजेपुरतेच पॅनेल बसवा. ३१ मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटला विकत घेतो तो भाव मिळत नाही. आणि वीज नियामक आयोग हरकती मागवील तेव्हा गप्प बसू नका. उसाच्या दरासाठी आपण भांडतो, मग युनिटच्या दरासाठी का नको?

— एक सभासद