परंपरेला नवा गळा

एन्का हा जपानी गीतप्रकार म्हणजे किमोनो, बंदर, विरह आणि उतारवयाचा श्रोता, असं जपानात जणू ठरूनच गेलं होतं. फेब्रुवारी २००८मध्ये ‘उमियुकी’ हे पहिलंवहिलं गाणं घेऊन जेरो आला, तो तिरकी टोपी आणि ढगळ पँट घालून. पिट्सबर्गचा हा कृष्णवर्णीय तरुण जपानी आजीमुळे लहानपणापासून एन्का ऐकत वाढलेला. गाण्यानं ओरिकॉनच्या साप्ताहिक विक्री-यादीत थेट चौथा क्रमांक गाठला आणि वर्षअखेरीस तो ‘कोहाकु’ या जपानी टीव्हीवरच्या मानाच्या गायन-सोहळ्याच्या मंचावर उभा राहिला. तिथं गाण्याचा आजीला दिलेला शब्द त्यानं पाळला. ते पाहायला ती मात्र उरली नव्हती. गंमत अशी, की गाण्याचा ऐवज जुनाच: निईगाताचा किनारा, समुद्रावर पडणारं बर्फ, प्रेमात पोळलेली स्त्री. शब्द मात्र पॉपगीतांसाठी गाजलेल्या आकिमोतो यासुशींचे आणि चाल रॉकमधून आलेल्या उझाकी र्युदोंची. सोवळ्यातल्या रसिकांनाही जे अस्सल वाटलं, ते असं चहूकडून जमलेल्या मंडळींनी घडवलं होतं. म्हणून परंपरा बुडाल्याची हाकाटी पिटणाऱ्यांनी आधी गाणाऱ्याचा सूर ऐकावा, पेहराव आणि कूळ मागाहून विचारावं. एन्काच्या हरकती जन्मदाखल्यावर मिळत नाहीत. त्या गळ्यावर चढवाव्या लागतात.