छंदफंद : डोंगरावर बसून विमानं ऐकणारी माणसं

वेल्स म्हणजे ब्रिटनचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. तिथे माखन्लेथ नावाचं एक गाव आहे. नाव घेताना जीभ अडखळते, म्हणून विमानवेड्या मंडळींनी त्याचा पहिला तुकडा तेवढा उचलला आणि आसपासच्या दऱ्यांना नाव दिलं ‘मॅक लूप’. या दऱ्यांमधून ब्रिटिश आणि अमेरिकन हवाईदलाचे वैमानिक अगदी खालून उडण्याचा सराव करतात. किती खालून? जमिनीपासून २५० फूट, म्हणजे साधारण ७६ मीटर. डोंगराच्या उतारावर बसलेल्या माणसाला विमान चक्क आपल्या पायाखालून जाताना दिसतं. वैमानिकाचं हेल्मेटसुद्धा दिसतं!

तर दोस्तांनो, या उतारावर पाऊस असो की वारा, काही माणसं ठाण मांडून बसलेली असतात. थर्मासमध्ये चहा, गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत वॉकी-टॉकीसारखा दिसणारा एक खोका. तासभर काहीच घडत नाही. मग खोक्यातून खरखरत चार शब्द येतात आणि सगळे धडपडत उभे राहतात. बघता बघता विमान आलं आणि गेलंसुद्धा! दरीत शिरताना वैमानिक रेडिओवर ‘मी इथून आत येतोय’ असं सांगतो, कारण समोरून दुसरं लष्करी विमान येत असेल तर टक्कर व्हायची. तो सांगतो दुसऱ्या वैमानिकाला, पण ऐकू येतं डोंगरावरच्या मंडळींनाही.

त्या खोक्याचं नाव स्कॅनर. हा फक्त ऐकणारा रेडिओ, यातून बोलता येत नाही. आपल्या घरचा रेडिओ एका स्टेशनवर लावला की तिथेच राहतो. स्कॅनर मात्र एका जागी स्वस्थ बसत नाही. आपण भरून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सींवरून तो भराभर धावत सुटतो, जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबतो, बोलणं संपलं की पुन्हा धाव. एखादा पहारेकरी सगळ्या खोल्यांची दारं ढकलून बघतो ना, तसं.

तुमच्या एफएमचा काटा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. त्याच्या थोडं वर, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये प्रवासी विमानांचं बोलणं चालतं. लष्करी विमानं बहुतेक वेळा आणखी वर, २२५ ते ४०० च्या पट्ट्यात बोलतात. आता थोडं गणित. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. म्हणजे ३०० मेगाहर्ट्झची लहर एक मीटर लांब. अँटेना साधारणपणे त्याच्या पाव लांबीची घेतात, म्हणजे २५ सेंटिमीटर, तुमच्या दप्तरातल्या फूटपट्टीपेक्षाही लहान. १२० मेगाहर्ट्झसाठी किती लांब लागेल, ते तुम्हीच काढा.

एक प्रश्न हुशार मुलं नक्की विचारतील. एफएमचा आवाज इतका स्वच्छ, मग विमानं अजून जुन्या एएम पद्धतीनेच का बोलतात? एफएममध्ये दोघं एकदम बोलले तर जोरदार आवाजवाला दुसऱ्याला पार गिळून टाकतो. एएममध्ये दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात आणि शिट्टीसारखा किंचाळता सूर निघतो. कानाला त्रास होतो खरा, पण खाली बसलेल्या नियंत्रकाला कळतं की आणखी कुणीतरी बोलत होतं. तो दुसरा कदाचित संकटात असेल! म्हणून खरखर परवडली, पण कुणाची हाक बुडायला नको.

या लहरी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे उंचावरचं विमान लांबून ऐकू येतं, खालचं येत नाही. उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा; साधारण तेवढ्या किलोमीटरवरून आवाज पोचतो. दहा हजार मीटरवरचं विमान? १०० गुणिले ४.१२, म्हणजे ४१२ किलोमीटर. मुंबईहून सरळ रेषेत जवळजवळ पणजी! आणि शंभर मीटरवरचं विमान? अवघे ४१ किलोमीटर, तेही मध्ये डोंगर नसेल तर. रडारच्या लहरीही अशाच सरळ जातात. म्हणून तर लढाऊ वैमानिक दऱ्याखोऱ्यांतून लपतछपत जायला शिकतात.

ऐकायला मिळतं तरी काय? सिनेमातल्यासारखं काही नसतं हं. बहुतेक वेळा उंची, दिशा, इंधन आणि हवामान. महत्त्वाचं लष्करी बोलणं संकेतबद्ध असतं, नाहीतर सेकंदाला अनेकदा फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारत जातं. स्कॅनरला त्यातलं नुसतं टिकटिक ऐकू येतं. मोकळेपणाने बोललं जातं ते सुरक्षिततेसाठी : धावपट्टी रिकामी आहे का, हवेत इंधन देणारं विमान कुठे आहे, दरीत कोण शिरतंय. शब्द ठरलेले. ‘रॉजर’ म्हणजे तुमचं म्हणणं पोचलं. ‘विल्को’ म्हणजे पोचलं आणि तसं करतो. तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’ आणि नऊला ‘नाइनर’ म्हणतात, कारण खरखरीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ सारखेच वाटतात. उंचीत पाचच्या जागी नऊ ऐकलं तर काय होईल, विचार करा.

पण सगळंच असं रुक्ष नसतं. १९४० साली इंग्लंडवर जर्मन विमानं येत होती, तेव्हा केंट परगण्यात जर्मन भाषा जाणणाऱ्या तरुण मुली कानाला हेडफोन लावून शत्रूच्या वैमानिकांचं बोलणं टिपून घेत. जर्मन वैमानिकांना ब्रिटिश लढाऊ विमानं दिसली की ते ओरडत, ‘इंडियानर!’ (आपण नव्हे हं, अमेरिकेतले रेड इंडियन!) ऐकलेलं ताबडतोब वर कळवलं जाई. त्यातल्याच एक होत्या आयलीन क्लेटन. ‘द एनिमी इज लिसनिंग’ हे त्यांचं पुस्तक १९८० साली निघालं. रोज ऐकून ऐकून या मुलींना काही आवाज ओळखीचे झाले होते. आणि मग एखाद्या दिवशी तो आवाज किंचाळताना ऐकू येई, आणि पुन्हा कधीच येत नसे. शत्रू खरा, पण आवाज माणसाचाच ना.

आता उलट बाजूची गोष्ट. २ जून १९९५ ला बोस्नियावर अमेरिकेचं एक एफ-१६ विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. वैमानिक स्कॉट ओ’ग्रेडी पॅराशूटने उतरला. त्याच्याजवळ हातात मावेल असा रेडिओ होता, पण तो धडाधड वापरायची सोय नव्हती. आसपास त्याला शोधणारे सैनिक होते, आणि रेडिओ काय, सगळ्यांनाच ऐकू येतो! बॅटरीही जपायची होती. सहा दिवस तो झुडपांत लपून राहिला. पानं, गवत, मुंग्या खाल्ल्या, पावसाचं पाणी प्यायला.

वर घिरट्या घालणाऱ्या विमानांतले त्याचे साथीदार त्याला हाक मारत होते. विमानांमध्ये त्याचं नाव होतं ‘बॅशर ५२’. ८ जूनला मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास थॉमस हॅनफर्ड या वैमानिकाला खरखरीतून अगदी क्षीण उत्तर ऐकू आलं. पण हा ओ’ग्रेडीच कशावरून? रेडिओ शत्रूच्या हाती पडला असेल तर? हॅनफर्डने विचारलं, कोरियात असताना तू कुठल्या स्क्वाड्रनमध्ये होतास? उत्तर आलं, ‘जुवाट्स!’ हे त्या स्क्वाड्रनचं टोपणनाव. खात्री पटली. सकाळी हेलिकॉप्टर्स गेली आणि त्याला उचलून घेऊन आली. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात मोठा पराक्रम कुणाचा असेल, तर त्या खरखरीत कान लावून बसलेल्या हॅनफर्डचा.

ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचा प्रश्न बघा. ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं का?

२००३ साली इराकचं युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्लंडमधल्या फेअरफर्ड तळावरून बी-५२ बाँबफेकी विमानं उडत. तळाच्या कुंपणाबाहेर विमानवेडे तर असतच, टीव्हीचे कॅमेरेही असत. विमान उडालेलं जगभर दिसे. तिथून बगदाद साधारण सहा तासांवर. मग बगदादमध्ये घड्याळ बघत बसलेल्या माणसाला त्रैराशिक मांडता येणार नाही का?

२०११ च्या मार्चमध्ये लिबियात लढाई पेटली, तेव्हा हॉलंडमधल्या एका हौशी माणसाने घरी बसून एक संदेश टिपला. अमेरिकन विमान लिबियाच्या जहाजांना बजावत होतं : बंदर सोडू नका, सोडलंत तर हल्ला होईल. हा संदेश लघुलहरींवर होता. त्या आकाशातल्या आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, त्यामुळे हॉलंडपर्यंत पोचला. त्याने ते ध्वनिमुद्रण इंटरनेटवर टाकलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. मला विचाराल तर यात वावगं काही नाही, कारण तो संदेश सगळ्यांनी ऐकावा म्हणूनच दिलेला होता. पण कुठलं विमान, कुठून, किती वाजता निघालं हे सांगणं निराळं. त्या विमानात एखादा ओ’ग्रेडी बसलेला असतो.

कायदेही देशोदेशी वेगळे. अमेरिकेत विमानांचं बोलणं ऐकायला परवानगी आहे. ब्रिटनमध्ये मोठी गंमत आहे : स्कॅनर दुकानात उघड मिळतो, जवळ बाळगता येतो, पण आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा! तरीही विमानांच्या प्रदर्शनांत कितीतरी लोकांच्या कानात स्कॅनरची वायर दिसते.

आपल्याकडे? पुण्यात विमाननगरला राहणाऱ्यांना सुखोईचा आवाज काही नवा नाही, आणि वेल्समधल्या दऱ्यांतून उडणाऱ्या हॉक विमानांची भावंडं आपल्या शेजारी बिदरच्या तळावर आहेत. तेव्हा हा लेख वाचून कुणाच्या तरी हाताला खाज सुटणारच. पण थांबा! परवानगीशिवाय असं बोलणं चोरून ऐकणं भारतात गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितलेलं आहे. ऑनलाइन मिळतंय म्हणून ते चालतं, असं आईबाबांनीही समजू नये. मे २०२५ मध्ये विनापरवाना वॉकी-टॉकी विकल्याबद्दल ऑनलाइन दुकानांना सरकारी नोटिसा गेल्या होत्या.

मग कानाची हौस भागवायची कशी? सरळ रस्ता आहे हॅम रेडिओचा. बारा वर्षं पूर्ण झाली की हौशी रेडिओचालकाची सरकारी परीक्षा देता येते. पास झालात आणि परवाना मिळाला की ‘व्ही यू’ने सुरू होणारं स्वतःचं नाव मिळतं, आणि मग नुसतं ऐकायचं नाही, बोलायचंसुद्धा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातले अंतराळवीर शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवर गप्पा मारतात. त्यांचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो, स्थानक डोक्यावर असेपर्यंत जेमतेम दहा मिनिटं. जवळपास कुणी हॅम असेल तर आईबाबांना घेऊन जा आणि त्यांचं सामान बघून या.

तोपर्यंत वैमानिकांची मुळाक्षरं पाठ करायला परवाना लागत नाही. ए म्हणजे अल्फा, बी ब्राव्हो, सी चार्ली, अशी झेड झुलूपर्यंत. ही बाराखडी १९५६ पासून जगभर तीच आहे. पुणे सांगायचं तर : पापा, युनिफॉर्म, नोव्हेंबर, एको. आता ओळखा पाहू, सिएरा, अल्फा, टँगो, अल्फा, रोमिओ, अल्फा म्हणजे महाराष्ट्रातलं कुठलं गाव? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा. आणि हो, अँटेनाच्या गणिताचंही. दोन्ही उत्तरं पुढच्या अंकात.