हंगाम : उसाचा आणि खेळाचा

‘हंगाम’ म्हटले की बीड जिल्ह्यात डोळ्यांपुढे उसाचा फड उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले कोयते गावोगावहून निघतात, आणि त्यांच्यामागे शाळेच्या हजेरीपटावरील मुलेही निघतात. याच शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे. तो समजून घेण्यासाठी मिझोरमकडे पाहावे.

30 एप्रिल 2017 रोजी ऐझॉल एफ.सी.ने शिलाँग लाजाँगशी 1-1 अशी बरोबरी साधून आय-लीग ही त्या वेळची देशातील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धा जिंकली. 18 सामन्यांत ऐझॉलचे गुण 37, तर मातब्बर मोहन बागानचे 36. आदल्याच हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या काही संघांनी अंग काढून घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली, इतकेच. साहजिकच या यशाला चमत्कार म्हटले गेले.

चमत्कार हा शब्द सोयीचा असतो. तो उच्चारला की कारणे शोधण्याचे कष्ट वाचतात. वस्तुतः मिझोरमने 2012 मध्येच स्वतःची लीग सुरू केली होती आणि 2014 मध्ये संतोष करंडक जिंकला होता. अशा मशागत झालेल्या जमिनीत एक जाणता प्रशिक्षक पुरेसा ठरतो. तो गेला आपल्याच महाराष्ट्रातून. सुमारे सात वर्षे मुंबई एफ.सी.ची धुरा वाहून 2016 मध्ये तेथून बाहेर पडलेले खालिद जमील ऐझॉलला गेले. 2025 मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. ऐझॉल पहिले आले त्याच हंगामात मुंबई एफ.सी. शेवटच्या क्रमांकावर राहिला, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

2011 च्या जनगणनेत सबंध मिझोरमची लोकसंख्या सुमारे 11 लाख होती; एकट्या बीड जिल्ह्याची जवळजवळ 26 लाख. तेव्हा माणसांची वाण आपल्याकडे नाही. गुणांचीही नाही. आष्टी तालुक्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. 1998 पासून त्या शर्यतीतील सर्व पदके केनियाकडे जात होती. परंतु साबळे या शर्यतीकडे वळले ते सैन्यात गेल्यावर. एकटा माणूस जिद्दीने गावाबाहेर पडून मोठा होऊ शकतो. अकरा जणांचा संघ घडायचा तर मुले गावातच राहावी लागतात.

येथेच आपले दोन हंगाम एकमेकांना छेद देतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तेथे जेवण आणि निवारा यांबरोबर रोज संध्याकाळी एक मैदान, एक चेंडू आणि मानधनावर नेमलेला एक खेळशिक्षक का असू नये? वसतिगृहांचे संघ तालुक्याला, पुढे जिल्ह्याला खेळले, तर त्यांचीही लीग उभी राहील.

पोटाची भ्रांत असताना खेळाचे लाड कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे; पण शनिवारी आपल्या संघाचा सामना आहे हे ठाऊक असलेला मुलगा आईबापांच्या मागे फडावर जाण्यापूर्वी थबकेल. त्याचे असे थबकणे हीच जिल्ह्याची पहिली जीत ठरेल.