सपाट प्रदेशाचे वावडे

मराठीत पायी भटकण्याविषयी जे लिहिले जाते, त्यातले बहुतांश लेखन चढणीविषयीचे असते. हे विधान कोणी खोडून काढल्यास आम्हांला आनंदच होईल. घाटमाथा, कडा, बुरूज, कोरडे टाके आणि शेवटी माथ्यावरून दिसणारा मुलूख : या क्रमात गेल्या साठसत्तर वर्षांत फारसा बदल झालेला नाही. गो. नी. दांडेकरांचा जन्म 1916 साली विदर्भातल्या परतवाड्याचा. पण मराठी वाचकाला ते आठवतात ते 'दुर्गभ्रमणगाथे'चे कर्ते म्हणून. दोष त्यांचा नव्हे. त्यांच्या मागून आलेल्यांनी त्यांचे डोळे उसने घेतले, पाय मात्र घेतले नाहीत. गोनीदा नर्मदेकाठीही चालले होते, याची आठवण आज किती दुर्गप्रेमींना असते?

येथे कोणी वारीचा दाखला देईल. वारी सपाटीवरून चालते हे खरे, पण वारीतली सपाटी ओलांडण्यासाठी असते. वारकऱ्याचे चित्त पंढरीत गुंतलेले असते आणि तसे ते असावेही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या भूमीवर शिखर नाही आणि वाटेच्या शेवटी देवही उभा नाही, अशा भूमीवरून केवळ तिच्यासाठी चालावे असे मराठी लेखकाला का वाटत नाही?

भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने मालगुजारी तलाव आहेत. सरकारदप्तरी त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणतात आणि त्याचे संक्षिप्त रूप 'मामा तलाव' असे होते. (शासकीय मराठीने अनवधानाने केलेला हा बहुधा एकमेव विनोद असावा.) गोंड राजवटीत कोहळी समाजाने यांतले असंख्य तलाव बांधले. घडीव दगडाची भिंत नाही, चुना नाही. मातीची पाळ, आणि जमिनीच्या उताराचे असे ज्ञान की वरच्या तलावातले ओसंडलेले पाणी वाया न जाता खालच्या तलावात उतरावे. हा उतार नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रवाशाला जो प्रदेश 'सपाट' वाटतो, त्यातला हातभर चढउतार कोहळ्याने वाचला होता. नवेगावबांध, शिवनीबांध, शिरेगावबांध ही गावांची नावेच त्या वाचनाची साक्ष देतात. बोडी, तलाव, पाळ, बांधी, धुरा या शब्दांनी येथली भूमी बोलते. यातले किती शब्द आपल्या प्रवासवर्णनांत सापडतात ते शोधून पाहावे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली हे न्याय्यच झाले, पण मालकीबरोबर देखभालीची रीतही मोडली. कित्येक तलावांत आता गाळ आहे आणि काठांवर बेशरम माजली आहे.

याच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत इंग्रजी साहित्याच्या वर्गात 'सरोवरकवी' शिकवले जातात. खिडकीबाहेर बोडी आहे, बोडीत शिंगाडा आहे आणि फळ्यावर विंडरमिअर! वर्डस्वर्थला आमचा विरोध नाही. उलट तो नीट शिकवला जात नाही अशी तक्रार आहे. सरोवरप्रदेशाची त्याची मार्गदर्शिका 1810 साली प्रथम छापली गेली, पुढे वाढत गेली, आणि त्या प्रदेशाकडे पाहण्याची एक रीत तिने इंग्रजांना दिली. 2017 मध्ये युनेस्कोने तो प्रदेश जागतिक वारशात घेतला तो निसर्ग म्हणून नव्हे, तर सांस्कृतिक भूदृश्य म्हणून. म्हणजे मेंढपाळ, दगडी कुंपणे आणि कवी यांच्यासकट. विद्यार्थ्याला त्यातली फक्त डॅफोडिल्स ठाऊक असतात. 'प्रेल्यूड'च्या चौथ्या सर्गात एक केसाळ टेरियर कुत्रा येतो. कवी वाटेने पुटपुटत ओळी जुळवत चालला असता तो पुढे धावतो आणि समोरून कोणी येत असल्यास परतून सूचना देतो, म्हणजे लोकांनी आपल्या धन्याला वेडा समजू नये! शिवाय 1805 साली हेल्व्हेलिनवर एक भटका मरण पावला आणि त्याची कुत्री सुमारे तीन महिने प्रेताजवळ राहिली, त्यावर वर्डस्वर्थ आणि स्कॉट दोघांनीही कविता लिहिल्या. इंग्रजी काव्यातले चालणे कुत्र्यावाचून पुरते उलगडत नाही, हे वर्गात कधी सांगितले जाते काय?

मराठीत अशी परंपराच नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपला आद्य गद्यग्रंथ उघडावा. 'लीळाचरित्र' हा चालण्याचाच ग्रंथ आहे, आणि ते चालणे मुख्यत्वे गोदावरीखोऱ्याच्या आणि विदर्भाच्या मोकळ्या भूमीवरचे आहे. चक्रधर एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, ओसाड देवळात बसतात, झाडाखाली थांबतात. भंडाऱ्याहून त्यांना निळभट्ट मिळतो. महानुभावांनी पुढे 'स्थानपोथी' सिद्ध केली. स्वामी कोठे बसले, देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून होते, तेथून काय कोणीकडे, याची ती नोंद आहे. वारसास्थळांची इतकी जुनी पायी मार्गदर्शिका मराठीत असताना आम्ही पर्यटन खात्याच्या घडीपत्रिकेची वाट पाहत बसतो, हे आमच्या अभ्यासक्रमांचे कर्तृत्व होय. 'लीळाचरित्रा'तही कुत्री आहेत, पण ती पारध्यांची. त्यांच्या भयाने ससा स्वामींच्या आश्रयाला येतो. या प्रसंगाकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' आणि मारुती चितमपल्ली यांचे समग्र लेखन याच मुलखातून आले, असा आक्षेप अपेक्षित आहे. दोघेही आम्हांला पूज्य आहेत. चितमपल्लींनी मराठीला पक्ष्यांची आणि झाडांची जी नावे परत मिळवून दिली त्यांचे ऋण 2025 मध्ये त्यांच्या निधनानंतर अनेकांनी मान्य केले. पण दोघांचेही मन मुख्यतः अरण्याकडे ओढलेले. अरण्य संपते तेथे आमचा प्रदेश सुरू होतो : धानाची बांधी, तिच्यात ओलीवर पेरलेली लाखोरी, पाळीवरची जाळी, आणि पवनीसारखे वैनगंगेकाठचे नगर, जेथे 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. येथे वाघ दिसणार नाही, म्हणून येथे लेखकही येत नाही.

आणि कुत्रा? मराठी मनाला कुत्रा चालतो तो प्रतीक म्हणून. दत्ताच्या पायांशी तो चार वेदांचे रूप घेतो. धर्मराजाच्या मागे तो स्वर्गाच्या दारापर्यंत जातो आणि तेथे इंद्र सांगतो की कुत्रेवाल्यांस येथे प्रवेश नाही. प्रवेशद्वारावरच्या अशा पाटीचा हा आद्य दाखला म्हणावा लागेल. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात, ही कथा आम्हांला सर्वांत प्रिय आहे, कारण तिच्यात कुत्रा निदान भुकेला तरी आहे. रायगडावरच्या वाघ्याच्या पुतळ्यावरून 2011 मध्ये जे झाले आणि 2025 मध्ये जी मागणी पुन्हा झाली, त्या वादात किती शाई खर्ची पडली! दगडी कुत्र्यासाठी भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना जिवंत कुत्र्याबरोबर एक दुपार चालायला सांगावे.

कारण त्या चालण्याने वाचनच बदलते. माणूस क्षितिज पाहतो आणि सपाटीवर क्षितिज सगळीकडे सारखेच असते, म्हणून तो कंटाळतो. कुत्र्याला क्षितिजाशी कर्तव्य नाही. तो धुऱ्याच्या कडेची ओल हुंगतो, खेकड्याच्या बिळाशी थबकतो, पाळीवरून रात्री कोण गेले ते जाणून घेतो. दर शिवेवर पुढच्या गावची कुत्री सामोरी येतात, काही अंतर भुंकत सोबत करतात आणि एका ठिकाणी थांबतात. तलाठ्याच्या नकाशावरची हद्द त्या जागेहून फार दूर नसते. चढाच्या वाटेवर कुत्रा हे ओझे. येथे तो भाष्यकार होतो.

या चालण्याला अलीकडे बाजारातले नाव मिळाले आहे. तळ्याकाठच्या एका निवासस्थानाच्या जाहिरातीत पाळीव प्राण्यांचे स्वागत होते, म्हणून आम्ही आमच्यातल्या एकाच्या गावठी कुत्रीसह तेथे गेलो. फाटकावरच्या माणसाचा पहिला प्रश्न : "कुठल्या जातीची?" जात सांगता येईना, तेव्हा जागा नसल्याचे कळले. मराठीत कुत्र्याच्या वाणाला आणि माणसाच्या जन्माला एकच शब्द आहे, याचा असा उलगडा आम्हांला कोणत्याही भाषाशास्त्राच्या ग्रंथाने करून दिला नव्हता. पाळीवर चराईला आणि मासेमारीला जाणाऱ्यांची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली. उद्या त्याच पाळीवर सुशोभीकरणाच्या नावाखाली सिमेंटचे ठोकळे, लोखंडी कठडा आणि तिकीटघर आले, तर लॅब्राडोर आत आणि ढिवराचा कुत्रा बाहेर, ही वाटणी ठरलेलीच. आमचा विरोध आहे तो या वाटणीला.

आता तो ससा. गोंदियाच्या तलावांवर आणि भातबांध्यांत सारस क्रौंच घरटे करतो. महाराष्ट्रात त्याची संख्या आज डझनांत मोजावी लागते. पावसाळ्यात त्याची अंडी-पिल्ले जमिनीलगत असतात आणि मोकळा कुत्रा त्यांचा काळ ठरू शकतो. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला भूतदयेची भाषणे हे उत्तर नव्हे. इंग्लंडात 2000 सालच्या कायद्याने मोकळ्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याने 1 मार्च ते 31 जुलै, म्हणजे तेथल्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, कुत्रा दोन मीटरांहून लांब नसलेल्या दोरीने बांधलेला असावा असेही सांगितले; जनावरांजवळ तर बारमाही. हक्क आणि दोरी एकाच कागदावर आहेत. आमच्याकडे कागद दोनच प्रकारचे : सरसकट मनाई, नाहीतर सरसकट डोळेझाक. आषाढ ते आश्विन तलावांकडे कुत्रा नेऊच नये, एरवी आखूड दोरी हातात असावी, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर प्रश्नच नाही, एवढे ठरवायला कोणत्या समितीची गरज आहे?

चालायचे ते पौष-माघात. धान निघालेले असते, धुरे कोरडे असतात, लाखोरी निळी फुललेली असते. कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असावी, आणि अंधाराआधी गाव गाठावे, कारण बिबट्याला तो आवडतो. पाळीवर बाभळी फार. मुक्कामी पोहोचल्यावर आपले पाय धुण्याआधी त्याचे पंजे उलटून काटे पाहावेत.