मामाचा मारिओ भंगारात देऊ नका!

खारदांड्यातल्या एखाद्या घरात माळ्यावर अजून कॅसेटवाला व्हिडिओ गेम सापडेल. ‘यूट्यूबवर सगळं आहे की!’ म्हणत तो भंगारात देऊ नका. तिथे १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आहे. मामाची नकली ‘९९९९ इन वन’ कॅसेट असेलच असं नाही.

तो खेळ रेकॉर्ड करा. नुसता मोबाइल टीव्हीसमोर धरून भागत नाही. गेमची पिवळी पिन कॅप्चर कार्डला लावा, सगळ्या फ्रेम टिपा. या नकलांचं मूळ मशीन १९८३चं फॅमिकॉम. त्याला एका आडव्या ओळीत आठच हलते तुकडे दाखवता येतात, म्हणून गर्दी झाली की ते आलटूनपालटून लुकलुकतात. निम्म्या फ्रेम गाळल्या तर गोळीच गायब!

आणि वर गाणं चिकटवू नका. मामालाच खेळायला बसवा, त्याची आरडाओरड मोबाइलवर घ्या. ती दुसरं कोण जपणार?