मॉडेलर निवडताना आधी स्पीकरचा विचार करा

इलेक्ट्रिक गिटारसाठी डिजिटल ॲम्प मॉडेलर घ्यायला निघालेले बहुतेक जण आधी एकच आकडा पाहतात: यात किती ॲम्पच्या नकला आहेत? माझ्या मते ही मोजणीच चुकीच्या टोकापासून सुरू होते. आवाज खरा वाटतो की नाही, हे बहुतांशी शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे कॅबिनेट आणि स्पीकरपाशी ठरते. खर्चाची आखणीही तिथूनच मागे मागे करत यायला हवी.

गिटार ॲम्पचा स्पीकर गाणी ऐकण्याच्या स्पीकरसारखा नसतो. सेलेस्टियन कंपनीच्या 12 इंची गिटार स्पीकरमध्ये साधारण 5 किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग झपाट्याने गळून पडतो आणि डिस्टॉर्शनची कर्कशता त्याच्याबरोबर जाते. हा टप्पा वगळून उत्तमातल्या उत्तम ॲम्पची नक्कल थेट हेडफोनमध्ये सोडली, तर पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखी नुसती घूं घूं ऐकू येते. मॉडेलरमध्ये हे गाळण्याचे काम इम्पल्स रिस्पॉन्स करतो. खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला तो त्याच्या आवाजाचा ठसा असतो. माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे दोन-तीन सेंटिमीटर सरकवून घेतलेला ठसा लावला, तरी टोचणारा आवाज मऊ होतो. एवढा फरक एक महागडे यंत्र सोडून दुसरे घेतल्याने क्वचितच पडतो. 1998 मध्ये लाइन सिक्स कंपनीचा पॉड हा मॉडेलर आला तेव्हा मूळ नक्कलच कच्ची होती, म्हणून यंत्राची ताकद पाहणे रास्त होते. आज न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मुक्त सॉफ्टवेअर खऱ्या ॲम्पच्या फार जवळ जाते आणि ते फुकट मिळते.

यावर ट्यूब ॲम्पचे चाहते म्हणतील की खऱ्या ॲम्पसमोर हवा हलते, छातीवर दाब जाणवतो, स्पीकरच्या आवाजाने तारा पुन्हा थरथरतात. ते खरेच आहे. पण रेकॉर्डवरचा जो आवाज ऐकून वादकाला ध्यास लागतो, तो जवळपास नेहमी माइकमधून आलेला असतो आणि मॉडेलर नेमका तोच देतो. शिवाय छातीवरचा तो दाब मिळवायचा तर ॲम्प मोठ्याने वाजवावा लागतो. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मुंबई-पुण्यातल्या सोसायटीत 50 वॉटचा ट्यूब ॲम्प त्याच्या रंगात येईल इतका उघडणे शक्यच नाही. दबून वाजणाऱ्या ॲम्पशी तुलना केली तर मॉडेलर सरस ठरतो. दुसरा आक्षेप डिजिटल विलंबाचा. चांगल्या यंत्रात तो काही मिलिसेकंदांचा असतो, आणि खऱ्या ॲम्पपासून तीन मीटरवर उभे राहिले तरी आवाज कानापर्यंत यायला सुमारे 9 मिलिसेकंद लागतातच.

मला खरी अडचण वेगळीच दिसते. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवले. म्हणून रात्री घरी हळू आवाजात जमवलेला प्रीसेट, म्हणजे मॉडेलरमध्ये साठवलेली आवाजाची जुळणी, कार्यक्रमात घुमतो आणि टोचतो, आणि दोष मात्र मॉडेलरच्या माथी येतो. प्रीसेट ज्या आवाजात वाजवायचा, त्याच आवाजात जमवायला हवा.

दुकानात यंत्र पाहताना रिव्हर्ब आणि डिले आधी बंद करावेत, कारण ते उणिवा झाकतात. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणावा: डिस्टॉर्शन ओसरून स्वर स्वच्छ झाला पाहिजे, आणि पुन्हा चढवल्यावर बोटांच्या जोराप्रमाणे फाटला पाहिजे. जे यंत्र एवढे करते आणि बाहेरचा इम्पल्स रिस्पॉन्स भरू देते, ते स्वस्त असले तरी घ्यावे. उरलेले पैसे सपाट प्रतिसादाच्या चांगल्या स्पीकरवर घालावेत.