लूम, क्लास आणि साल्हेरची वाट

सुरतेतल्या आपल्या मराठी घरांत मुलांच्या भवितव्याविषयी बहुधा दोनच वाक्ये बोलली जातात. दहावीला बरे गुण पडले, तर 'सायन्सला घाला आणि क्लास लावा'. गुण पडले नाहीत, तर 'उद्यापासून लूमवर पाठवा'. या दोन वाक्यांच्या मधोमध एखादा मुलगा उभा राहिला, चार मित्र जमवून डोंगरात जाऊ लागला, आणि 'मला दुसरे काही शिकायचे आहे' म्हणाला, की तिसरे वाक्य तयारच असते : 'पोऱ्या वाया गया, भाऊ!'

या तिसऱ्या वाक्याविरुद्ध मला भांडायचे आहे. मी उधन्याला राहतो. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांनी उधना, लिंबायत, डिंडोली हा सारा भाग वसवला. त्यांतलाच मी एक. कापडाच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात उमेद गेली. पण दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत शेजारपाजारच्या मुलांचे टोळके घेऊन मी सोनगड, हातगड, मुल्हेर, साल्हेर असे किल्ले चढत आलो. त्यामुळे 'तुम्ही आमच्या पोरांना नादाला लावता' हा आरोप मला पाठ आहे. त्याचे उत्तर आज जरा सविस्तर देतो.

प्रथम हा नाद आहे तरी काय, ते पाहू. सुरतेहून ताप्ती लाइनच्या गाडीने नवापूरला यावे. अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असलेले हे स्टेशन या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. तेथून पिंपळनेर, ताहाराबाद, मुल्हेर करत वाघांब्याला पोहोचावे आणि साल्हेर व सालोटा यांमधल्या खिंडीने वर चढावे. साल्हेरची उंची १५६७ मीटर. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत हा सर्वांत उंच; शिखरांत कळसूबाईच्या खालोखाल. माथ्यावर परशुरामाचे छोटे देऊळ आहे आणि तेथून पश्चिमेला डांगचे जंगल दिसते. १६७० च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज परतले, ते याच बागलाणातून. पुढे १६७२ साली साल्हेरखाली मोगलांशी उघड्या मैदानावर झुंज झाली. मराठे जिंकले आणि सूर्यराव काकडे तिथे पडले. जुलै २०२५ मध्ये 'युनेस्को'ने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत साल्हेर आहे. सुरतेतला मराठी मुलगा इतिहासाच्या पुस्तकात 'सुरतेची लूट' वाचतो, तेव्हा आपण नेमके कोणत्या बाजूचे असा त्याला पेच पडतो. साल्हेरच्या माथ्यावर उभे राहिल्यावर त्याला निदान एवढे कळते, की सुरत आणि बागलाण ही एकाच वाटेची दोन टोके आहेत, आणि त्या वाटेवर आपले आजोबा-पणजोबाही कधीतरी चालले असतील.

पण माझा मुद्दा इतिहासाचा नाही, चालण्याचा आहे. मित्रांबरोबर डोंगर चढताना मुलाला जे करावे लागते, ते वर्गात त्याला कोणी करू देत नाही. माणशी किती पाणी, किती भाकरी, याचा हिशेब त्याचा त्याला मांडावा लागतो. वाट चुकली की मागे फिरायचे की पुढे शोधायचे, हे पाच जणांत बसून ठरवावे लागते. वर्गात पहिला येणाऱ्याचे कौतुक. डोंगरात सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळ्यांना चालावे लागते. अंधार पडायच्या आत खाली उतरायचे, तर निघायची वेळ पाळावी लागते, आणि ती पाळायला लावणारी घंटा तिथे नसते. ही घंटा नसणे फार महत्त्वाचे आहे. कारण मी ज्या दुसऱ्या वाटेची गोष्ट करणार आहे, तिच्यावरही घंटा नाही.

ती वाट म्हणजे मुक्त शिक्षणाची. १९८९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मुक्त विद्यालय काढले. आज त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणतात. वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तिथे दहावीला नाव घालता येते. वरच्या वयाला मर्यादा नाही. एकदा नाव घातले की पाच वर्षे ते चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि जो विषय सुटला तो सुटला. पुन्हा साऱ्या विषयांना बसावे लागत नाही. दहावी मराठी माध्यमातून देता येते, गुजरातीतूनही देता येते. त्याच १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. १९९४ मध्ये अहमदाबादेला बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचे मुक्त विद्यापीठ निघाले. म्हणजे सरहद्दीच्या दोन्ही अंगांना दार उघडे आहे. पण आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे? लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर तीन वेळा तपासणारे आपण, मुलगा नापास झाल्यावर एका संध्याकाळीत त्याच्या जन्माचा निकाल लावून टाकतो.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. मुक्त शाळेत नाव घातलेले पुष्कळ जण परीक्षेपर्यंत पोहोचतच नाहीत. रोज उठवणारे कोणी नाही, हजेरी नाही, मास्तरांची छडी नाही. मग पुस्तक पिशवीतच राहते. अगदी बरोबर. म्हणून तर मी डोंगर आणि मुक्त शाळा यांची जोडी लावतो. घंटेशिवाय वेळ पाळण्याची, सांगणारा नसताना पुढचे पाऊल टाकण्याची सवय मुलाला कुठे लागणार? ट्यूशनच्या बाकावर लागत नाही. ती चार मित्रांबरोबर अंगावर बोजा घेऊन चालताना लागते. ज्याला स्वतःच्या पायांनी साल्हेर चढून उतरता येतो, त्याला रोज दोन तास स्वतःच्या मनाने पुस्तक उघडणे जड जात नाही.

असे शिकणारे मोठे झालेच नाहीत काय? सरहद्दीच्या माणसांनी तर काकासाहेब कालेलकरांना विसरू नये. जन्म साताऱ्याचा, मुळे बेळगावकडची, १९०७ साली फर्ग्युसनमधून पदवी. बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात ते शिकवत. ती राष्ट्रीय शाळा सरकारच्या रोषामुळे बंद पडली, तेव्हा १९१२ साली स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर या मित्रांबरोबर ते पायी हिमालयात निघून गेले. आपल्याकडच्या हिशेबाने 'वाया गेलेला' पदवीधर! त्या पायपिटीतून 'हिमालयनो प्रवास' हे गुजराती साहित्यातले मानाचे पुस्तक झाले. गांधीजींनी १९२० मध्ये स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठाचे ते पुढे कुलनायक झाले आणि गुजरातीच्या शुद्धलेखनाचा कोश त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला. मराठी माणसाला गुजरातने 'सवाई गुजराती' म्हटले. दोन भाषांच्या काठावर राहणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठा आदर्श कोणता दाखवणार?

दुसरे उदाहरण तर सुरतेच्या उंबरठ्यावरचे. महादेवभाई देसाईंचे चिरंजीव नारायणभाई शाळेत रमले नाहीत. आश्रमात, वडिलांच्या आणि बापूंच्या हाताखाली शिकले. व्यारा-वालोडच्या बाजूला वेडछी येथे त्यांनी संपूर्ण क्रांती विद्यालय चालवले. २००७ साली हाच शाळेबाहेर शिकलेला माणूस गुजरात विद्यापीठाचा कुलपती झाला. आणि ताराबाई मोडक? मुंबईत जन्मलेल्या या बाई भावनगरला जाऊन गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम शिकल्या आणि सरहद्दीलगत बोर्डी-कोसबाडला येऊन त्यांनी व अनुताई वाघांनी वारली मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच कुरणावर नेली. मूल जिथे आहे तिथून शिक्षण सुरू करायचे, हा धडा गुजराती-मराठी सहवासातूनच आपल्याला मिळालेला आहे.

आता भीतीचा प्रश्न. 'डोंगरात काही झाले तर?' असे आया विचारतात, आणि ती काळजी मी हसण्यावारी नेत नाही. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर मुलांना नेऊ नये. गावातला वाटाड्या घ्यावा. घरी वेळ सांगून निघावे. धाडसाच्या फोटोसाठी कड्यावर कोणाला उभे राहू देऊ नये. हे नियम न पाळणाऱ्याच्या हाती मी माझा मुलगा देणार नाही. पण धोका फक्त डोंगरातच असतो, हा समज सुरतेने तरी सोडावा. २४ मे २०१९ रोजी, ऐन सुट्टीत, सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली मुले अडकली. धुरातून सुटण्यासाठी मुलांनी वरून उड्या घेतल्या. २२ कोवळे जीव गेले. त्या आईबापांनी मुलांना भल्यासाठीच तिथे पाठवले होते. त्यांच्या दुःखापुढे कोणी वाद घालू नये. वाद घालायचा तो आपल्या समजुतीशी. बंद खोलीत, जिन्याची दुसरी वाट नसलेल्या माळ्यावर मूल बसले की आपण निर्धास्त होतो, आणि उघड्या आकाशाखाली चालू लागले की घाबरतो. क्लासला पाठवतानाही 'बाहेर पडायची वाट कुठे आहे' असे एकदा विचारा, एवढेच माझे म्हणणे.

'हे सारे पैसेवाल्यांचे चोचले आहेत. आमच्या पोराला कमवावे लागते,' असेही सांगतात. उलट आहे. पैसेवाल्याचा मुलगा एक वर्ष भटकला तरी बाप त्याला दुकानावर बसवतो. आपल्याच मुलाला सर्टिफिकेटाची आणि परतीच्या वाटेची जास्त गरज आहे. लूमवर काम करणे यात कमीपणा नाही. त्याच कमाईवर आमच्या पिढीची घरे उभी राहिली. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला बारा-बारा तासांच्या पाळीला जुंपून 'तो धंदा शिकतो आहे' म्हणणे, ही स्वतःची फसवणूक आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला तर कामावर ठेवणे हाच गुन्हा आहे. मोठा मुलगा कामाला गेलाच, तर त्याचे नाव मुक्त शाळेत असू द्या. आयटीआयचा, शिकाऊ उमेदवारीचा विचार करा. ज्या वाटेवरून मागे फिरता येत नाही, ती वाट नव्हे, तो सापळा आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकू द्यावे असे लिहिले आहे. कागदावर आलेले व्यवहारात आणायला कोणी तरी मागे लागावे लागते.

आणि मुलींचे काय? टोळक्यात मुली किती, हा प्रश्न मला दरवर्षी टोचतो. मुलाला 'वाया गेला' म्हणणारे घर मुलीला चालण्याची संधीच देत नाही. शाळा सुटली की ती घरात साडीला टिकल्या लावत बसते आणि पुढे तिचे लग्न होते. तिला मावशी, काकू, वहिनी अशा चार बायकांसह डोंगरात न्या, आणि लग्न झाले तरी मुक्त शाळेची पाच वर्षे चालूच राहतात, हे तिच्या सासरीही सांगा.

भाषेचेही थोडे. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यांत मराठीही आहे. तरी आपल्या मुलांना शाळेत गुजरातीसमोर आणि नातेवाइकांत पुणेरी मराठीसमोर आपली अहिराणी लपवावीशी वाटते. बागलाणात उतरल्यावर पाणी देणारी म्हातारी त्यांच्याशी त्यांच्या आजीच्याच बोलीत बोलते. मुलगा त्या क्षणी चटकन उत्तर देतो, आणि त्याची लाज तिथेच गळून पडते. हे कोणत्या क्लासात शिकवतात?

तेव्हा वाचकहो, मागणे साधे आहे. दिवाळीत सुरतेतले लूम थांबतात आणि कापडबाजार लाभपंचमीलाच उघडतो. पाऊस सरलेला, ओढ्यांना पाणी, डोंगर अजून हिरवे. या दिवसांत आपल्या मुला-मुलींना मित्रमंडळींबरोबर दोन दिवस चालू द्या. आपल्या खानदेशी मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून दोन कामे करावीत : एक वार्षिक पदभ्रमण, आणि मंडळाच्या खोलीत आठवड्यातून एकदा मुक्त शाळेचे अर्ज भरून देणारा एक जाणता माणूस. खर्च ढोल-डीजेच्या एका रात्रीपेक्षा कमी येईल. आणि पुढच्या निकालाच्या दिवशी शेजारचा मुलगा नापास झालेला दिसला, तर 'वाया गया' म्हणण्याआधी त्याच्या बापाच्या हातात तो अर्ज ठेवा.